घरातले मानसिक आजारपण: रुग्णाला सांभाळताना स्वतःही टिकून राहण्यासाठी

घरातल्या एखाद्या माणसाला मानसिक आजार होतो, तेव्हा बाकीच्यांचा दिवस त्याच्या झोपेवर, जेवणावर आणि बोलण्यावर उगवू-मावळू लागतो. माझ्या धाकट्या भावाला एकविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनियाचे, म्हणजे भ्रम होणाऱ्या आणि नसलेले आवाज ऐकू येणाऱ्या आजाराचे, निदान झाले. मी तेव्हा बीड जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका होते, वडील वारले होते आणि आई गुडघ्यांनी अधू झाली होती, त्यामुळे त्याला सांभाळण्याचे काम कुणी न ठरवताच माझ्याकडे आले. पहिली चार वर्षे मी ते काम चुकीच्या पद्धतीने केले आणि त्याचा त्रास आम्हा दोघांनाही झाला. पुढे डॉक्टरांकडून, समुपदेशकांकडून आणि आमच्यासारख्याच इतर घरांकडून जे शिकले, ते इथे क्रमाने लिहीत आहे.

मुख्य म्हणणे आधीच सांगते. असे आजार बहुतेक वेळा महिन्या-दोन महिन्यांत संपत नाहीत, ते कमी-जास्त होत वर्षानुवर्षे सोबत राहू शकतात, आणि म्हणून सांभाळणाऱ्याची झोप, त्याचे वेळेवरचे जेवण आणि त्याचा स्वतःचा वेळ यांना रुग्णाच्या उपचाराचाच भाग धरावे लागते. महाराष्ट्रातल्या आधारगटांमध्ये रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणण्याची पद्धत आहे. मला हे शब्द आवडतात, कारण त्यांत दोघांनाही स्वतःचे नाव आणि स्वतःची जागा मिळते.

पहिली पायरी: आजाराचे नाव डॉक्टरांकडून कळू द्या

आपल्या भागात माणूस एकटाच बोलू लागला, रात्र-रात्र जागू लागला किंवा जेवायचा थांबला की पहिला शब्द येतो तो ‘बाहेरचं’ किंवा ‘करणी’. मग देवऋषी, भगत, उतारा, गंडेदोरे यांत सहा महिने जातात. माझ्या आईनेही हे केले आणि मी तिला त्याबद्दल कधी बोलले नाही, कारण लेकरासाठी आईला जे सुचले ते तिने केले. तुमच्या घरातले वडीलधारे देवाला जात असतील तर त्यांच्याशी भांडण मांडू नका. देवदर्शन चालू राहू द्या आणि त्याच आठवड्यात दवाखानाही सुरू करा. दोन गोष्टी मात्र कोणत्याही परिस्थितीत होऊ देऊ नका, त्या म्हणजे मारहाण आणि साखळदंड. तमिळनाडूतल्या एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आश्रमाला आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही आणि २८ जणांचा बळी गेला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे, आणि उपचाराच्या नावाखाली चालणाऱ्या अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे.

राज्यातली चार जुनी शासकीय मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. त्यांतले एकही मराठवाड्यात नाही. याचा अर्थ उपचार नाहीत असा मात्र होत नाही, कारण बहुतेक रुग्णांना मनोरुग्णालयात ठेवण्याची गरजच पडत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयात तपासणी आणि औषधे मिळतात. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, तसेच नांदेड आणि लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही मोठी ठिकाणे आहेत. आधी फोनवर बोलायचे असेल तर केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. या क्रमांकावर घरच्यांनीही स्वतःसाठी फोन करावा. तो केवळ रुग्णांसाठी आहे असा पुष्कळांचा गैरसमज असतो. शेतकरी कुटुंबांसाठी राज्याच्या आरोग्य विभागाचा ‘प्रेरणा’ प्रकल्पही आहे आणि त्याची माहिती गावातल्या आशाताईंकडे मिळू शकते.

डॉक्टर सुरुवातीला रक्त तपासायला सांगतात, तेव्हा खर्चाला कंटाळून टाळू नका. थायरॉइडचा बिघाड आणि बी-१२ ची कमतरता यांतूनही उदासी, विसराळूपणा किंवा संशय दिसू शकतो. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: एखादे माणूस, विशेषतः म्हातारे माणूस, एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलू लागले आणि त्याला ताप असेल किंवा डोक्याला मार लागलेला असेल, तर ती तातडीच्या उपचाराची वेळ आहे. तेव्हा मानसोपचाराची तारीख पाहत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

दुसरी पायरी: एक वही करा

शासकीय रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागापुढे रांग मोठी असते आणि डॉक्टरांना एका रुग्णासाठी मोजकीच मिनिटे मिळतात. त्या मिनिटांत ‘लई तरास देतो हो’ एवढेच सांगून आपण बाहेर येतो आणि दारात आल्यावर खरे सांगायचे आठवते. म्हणून शंभर पानी वही घ्या आणि रोज दोन-तीन ओळीच लिहा: किती तास झोप झाली, किती जेवण झाले, गोळ्या घेतल्या का, काही वेगळे दिसले का. पहिल्या पानावर हे कधीपासून सुरू झाले, घराण्यात आणखी कुणाला होते का, दारू किंवा गांजा आहे का आणि आधी कोणती औषधे चालली होती, हे लिहून ठेवा. जुनी चिठ्ठी वहीलाच टाचा.

वहीच्या शेवटच्या पानापासून उलट्या बाजूने स्वतःची नोंद ठेवा. मला किती तास झोप मिळाली, मी आज कुणावर ओरडले का, या आठवड्यात घराबाहेर आजाराशी संबंध नसलेल्या कामासाठी एकदा तरी गेले का. सुरुवातीला हे थिल्लर वाटते, पण मी सहामाहीचे पेपर तपासताना एकाच गठ्ठ्याला दोनदा गुण दिले आणि दोन्ही वेळेची बेरीज वेगळी निघाली, त्या दिवशी वही उलटून पाहिली, तर सलग अकरा रात्री मी चार तासांपेक्षा कमी झोपले होते.

तिसरी पायरी: भ्रमाशी वाद घालू नका, भीतीला उत्तर द्या

एका उन्हाळी रात्री दोन वाजता भाऊ ओसरीवर बसलेला दिसला. तो म्हणाला, “अक्का, माठातल्या पाण्यात इख कालवलंय, शेजारच्यांनी.” मी त्याला समजावू लागले, शेजारी किती भले आहेत ते सांगितले आणि शेवटी तांब्याभर पाणी त्याच्यासमोर घटाघटा पिऊन दाखवले. त्याने माझ्याकडे पाहिले ती नजर मी विसरलेले नाही. पुढचे तीन दिवस त्याने माझ्या हातचे काही खाल्ले नाही, कारण पाणी पिऊनही मला काही झाले नाही याचा अर्थ त्याच्या लेखी एकच होता की मी शेजाऱ्यांना सामील आहे.

रुग्णाचा भ्रम हा चुकीच्या माहितीतून झालेला नसतो, म्हणून खरी माहिती देऊन तो जात नाही. त्याला ऐकू येणारे आवाज त्याला खरोखर ऐकू येतात. अशा वेळी ‘असं काही नाहीच’ म्हणून वाद घालू नये, आणि ‘हो, शेजारी तसलेच आहेत’ म्हणून दुजोराही देऊ नये. पुढे मी एवढेच म्हणायला शिकले: “मला तसं दिसत नाही, पण तुला भीती वाटतेय हे मला कळतंय. मी इथंच बसते. तुला बाटलीबंद पाणी आणून देऊ का?” आवाज हळू ठेवावा, एका वेळी एकाच माणसाने बोलावे, मागून येऊन अंगाला हात लावू नये, आणि टीव्ही चालू असेल तर बंद करावा.

उदासीच्या आजारात वेगळी चूक होते. ‘तुला काय कमी आहे’, ‘दोन लेकरं आहेत, त्यांच्याकडं बघ’, ‘मन घट्ट कर’ हे आपण आधार म्हणून बोलतो, पण त्या माणसाला ते आरोपासारखे लागते, कारण अंथरुणातून उठणेच त्याच्या आवाक्याबाहेर गेलेले असते. त्यापेक्षा छोटे, ठरावीक आणि सोबतीने करायचे काम सुचवावे: “चल, वावराच्या बांधापर्यंत जाऊन येऊ.” तो नाही म्हणाला तर आग्रह न धरता दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे.

चौथी पायरी: औषधांचे गणित समजून घ्या

घरोघरी उपचार बिघडतात ते इथेच, म्हणून यावर जास्त लिहिते.

उदासीवरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहूनही जास्त. आठ दिवसांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलणारी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. बरे वाटू लागल्यावरही या गोळ्या साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवायच्या असतात, आणि स्किझोफ्रेनियाच्या पहिल्या झटक्यानंतर औषध किमान एक-दोन वर्षे आणि पुष्कळदा त्याहून अधिक काळ लागते. गोळी एकदम बंद केली तर आजार उलटण्याची शक्यता फार वाढते. कमी करायची असेल तर ती डॉक्टरांनीच, टप्प्याटप्प्याने.

एका दिवाळीपूर्वी घराला चुना देताना देवळीतले जुने कॅलेंडर काढले आणि त्यामागून पांढऱ्या गोळ्या घरंगळत खाली आल्या. मोजल्या तर त्रेचाळीस निघाल्या. आई रडू लागली, माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या. त्या दिवशी मी गप्प राहिले आणि दुसऱ्या दिवशी, राग गेल्यावर, त्याला विचारले की गोळी घेतली की नेमके काय होते. तो म्हणाला, “पाय थांबत नाहीत, अक्का. बसलं की उठावं वाटतं, उठलं की बसावं वाटतं. जीव नको होतो.” हा त्या औषधाचा ओळखीचा दुष्परिणाम आहे, अंगातली ती तगमग फार वाईट असते, आणि डॉक्टरांनी मात्रा कमी करून सोबत एक गोळी दिल्यावर ती आठवड्याभरात निवली. आम्ही त्याला वर्षभर ‘हट्टी’ म्हणत होतो. तेव्हा कुणी गोळ्या लपवत असेल तर आधी कारण विचारा. हातपाय कडक होणे, लाळ गळणे, वजन वाढणे, दिवसभर गुंगी येणे, लैंगिक अडचणी येणे, यांपैकी पुष्कळ गोष्टींवर औषध बदलून किंवा मात्रा बदलून तोड निघते. रोजची गोळी जमतच नसेल तर पंधरा दिवसांनी किंवा महिन्याने द्यायच्या इंजेक्शनाबद्दल डॉक्टरांना विचारा. चहात किंवा वरणात गोळी मिसळून देण्याचा मोह होतो, पण ज्याला आधीच जेवणात विष असल्याचा संशय आहे, त्याला ते एकदा कळले की सगळा विश्वास संपतो.

आपल्या उन्हाळ्यासाठी एक खास सूचना आहे. कधी अति उत्साह तर कधी अति उदासी अशा दोन टोकांच्या आजारात, म्हणजे बायपोलरमध्ये, ‘लिथियम’ दिले जाते. हे जुने आणि फार गुणकारी औषध आहे, पण अंगातले पाणी कमी झाले की रक्तातले त्याचे प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेलेला असताना वावरात दिवसभर राबणे, जुलाब-उलट्या, किंवा पाण्याचा थेंबही न घेता केलेला उपवास या तिन्ही वेळा धोक्याच्या आहेत. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळीही लिथियमचे प्रमाण वाढवते. हात जोरात थरथरू लागले, तोल जाऊ लागला, बोलणे जड झाले किंवा उलट्या-जुलाब सुरू झाले, तर पुढची गोळी देण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रक्तातली पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची ठरावीक अंतराने तपासणी करून घेत राहा. मनोविकारावरच्या इतर काही औषधांनीही घाम कमी येतो आणि ऊन बाधते, म्हणून दुपारचे काम सकाळ-संध्याकाळवर न्यावे. बायपोलरमध्येही दिले जाणारे सोडियम व्हॅल्प्रोएट हे औषध चालू असलेल्या तरुण मुलीच्या किंवा सुनेच्या बाबतीत गर्भधारणेचा विचार करण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण त्याने गर्भाला अपाय होऊ शकतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची अडचण वेगळी आहे. दसरा-दिवाळीनंतर कोयता (ऊस तोडणारी जोडी) निघतो तो मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही, उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली असते, आणि फडावरून जिल्हा रुग्णालयात येणे शक्य नसते. निघण्याआधी किमान पंधरा दिवस डॉक्टरांना भेटा, आपण किती महिने बाहेर आहोत ते स्पष्ट सांगा, जास्तीत जास्त किती दिवसांची औषधे मिळतील ते विचारा आणि कारखान्याच्या जवळच्या शासकीय रुग्णालयात दाखवण्यासाठी चिठ्ठी लिहून घ्या. चिठ्ठीचा फोटो दोन मोबाइलमध्ये ठेवा, कारण फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, कागद टिकत नाही. पहाटे तीनला उठून तोडणीला जाणाऱ्या माणसाला रात्रीची गुंगीची गोळी कधी घ्यायची, हा प्रश्नही विचारून घ्या. शक्य असेल तिथे रुग्णाला मागे ठेवून एका जवळच्या नातेवाइकावर जबाबदारी द्यावी, कारण झोपमोड हीच पुष्कळ आजारांत पहिली ठिणगी ठरते.

पाचवी पायरी: माझे काम कोणते आणि माझे नसलेले कोणते

भावाच्या आजारानंतर मी त्याच्या खोलीच्या उंबऱ्यात अंथरूण टाकून झोपू लागले, त्याचा फोन तपासू लागले, त्याचे कपडे धुऊ लागले आणि त्याच्या ताटात किती चतकोर उरले तेही मोजू लागले. मला ती माया वाटत होती. १९५० आणि १९६० च्या दशकांत लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातून घरी परतलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा ज्या घरांत सतत टीका, तिरस्कार किंवा अतिकाळजी होती, तिथे आजार जास्त वेळा उलटताना दिसला. पुढे १९७६ सालच्या अभ्यासात दिसले की अशा तणावाच्या घरातही रुग्ण आणि नातेवाईक आठवड्यात ३५ तासांपेक्षा कमी वेळ समोरासमोर असतील, तर धोका कमी होतो. आपल्याकडे चंडीगडमध्ये झालेल्या अभ्यासात टीकेचे प्रमाण लंडनपेक्षा कमी आढळले, ही आपल्या एकत्र घरांची जमेची बाजू आहे. पण अतिकाळजीचे काय, हा प्रश्न मी स्वतःला विचारला, तेव्हा उंबऱ्यातले अंथरूण उचलले. त्या आठवड्यात तो आधीपेक्षा शांत होता.

यासाठी एक साधा उपाय करा. वहीच्या एका पानावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे माझे काम लिहा: औषधे आणून देणे, तारखेला दवाखान्यात नेणे, घरात दोन वेळचे अन्न असणे, धोका दिसल्यास मदत बोलावणे. उजवीकडे माझे नसलेले काम लिहा: त्याला रोज आनंदी ठेवणे, आवाज थांबवणे, त्याची आंघोळ, त्याचे मित्र, त्याने घेतलेली उधारी. माझ्या पहिल्या कागदावर डावीकडे सतरा गोष्टी होत्या. वर्षभरात त्या सहावर आल्या आणि उरलेल्यांतल्या पुष्कळशा भाऊ स्वतः करू लागला.

काही मर्यादा तोंडाने, शांत वेळी आणि एकदाच स्पष्ट सांगाव्या लागतात. “तू चिडलास तर मी आईला घेऊन काकूंकडे जाईन आणि तासाभराने येईन.” “घरखर्चातले पैसे मागितलेस तर देणार नाही, तुझ्या खात्यातले तू वापर.” सांगितलेली मर्यादा आपण पाळली नाही तर ती दुसऱ्यांदा सांगण्यात अर्थ उरत नाही, म्हणून पाळता येतील अशाच ठरवा. मारहाण ही मात्र आजाराच्या नावाखाली सोसायची गोष्ट नाही. मी हे विशेषतः सुनांसाठी लिहिते, कारण ‘त्याला आजार आहे, तूच समजून घे’ हे वाक्य त्यांना घराघरांत ऐकावे लागते. दारूच्या व्यसनात तर घरच्यांनी बाटली आणून देऊन, उधारी फेडून आणि खोटी कारणे सांगून आजार पोसला जातो. व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांचे ‘अल-अनॉन’ नावाचे गट आहेत, त्यांच्या सभेला एकदा तरी जाऊन यावे.

सहावी पायरी: भार वाटून घ्या

सांभाळणारी व्यक्ती बहुधा बाईच असते आणि तिला ते काम वाटून मागायची सवय नसते. म्हणून मदत मागताना ‘कुणीतरी बघा’ असे न म्हणता नेमके काम, नेमका वार आणि नेमके माणूस सांगावे: “दादा, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अंबाजोगाईला तू घेऊन जायचं.” पुण्याला असलेला भाऊ येऊ शकत नसेल तर त्याने औषधांचा खर्च आणि दर रविवारी अर्धा तास रुग्णाशी फोनवर गप्पा एवढे घ्यावे. डॉक्टरांशी मात्र एकाच माणसाने बोलावे, नाहीतर तीन नातेवाईक तीन वेगळ्या गोष्टी सांगतात.

पाहुण्यांकडून एक सल्ला हमखास येतो की लग्न लावून द्या, सुधारेल. लग्नाने आजार बरा होत नाही, आणि आजार लपवून केलेल्या लग्नात दुसऱ्या घरच्या मुलीची फसवणूक होते, रुग्णावर नवा ताण येतो आणि गोळ्या चोरून घ्याव्या लागल्याने त्या हमखास सुटतात. आजार आटोक्यात असलेली अनेक माणसे उत्तम संसार करतात. तिथे समोरच्याला आधी सगळे सांगितलेले असते आणि डॉक्टरांशीही बोलणे झालेले असते.

सातवी पायरी: स्वतःच्या खुणा ओळखा

सलग दोन आठवडे झोप लागत नाही, कारण नसताना रडू येते, लेकरांवर हात उगारला जातो, आपली शुगर-बीपीची गोळी विसरते, फोन वाजला की छातीत धडधडते, किंवा ‘हा गेलेलाच बरा’ असा विचार मनात येऊन जातो. शेवटच्या विचाराची फार लाज वाटते, पण थकलेल्या पुष्कळ माणसांच्या मनात तो येतो आणि तो वाईटपणाची खूण नसून थकव्याची आहे. अशा वेळी रुग्णाच्याच डॉक्टरांकडे स्वतःच्या नावाची चिठ्ठी काढा. मी काढली होती, सहा महिने गोळ्या घेतल्या, आणि त्या काळात घर जास्त नीट चालले.

विश्रांती उरलेल्या वेळात मिळत नाही, ती आधी ठरवून ठेवावी लागते. आठवड्यातून एक भजनाची संध्याकाळ, महिन्यातून एक रविवार माहेरी किंवा मैत्रिणीकडे, एवढेही पुरते, पण त्या वेळी आजाराविषयी बोलायचे नाही. मागे कोण थांबणार ते वहीत लिहून ठेवावे.

आठवी पायरी: संकटाची तयारी शांत काळात करा

‘माझं ओझं झालंय तुम्हाला’, ‘आता सगळं मिटवतो’ असे बोलणे, वस्तू वाटून टाकणे, निरोप घेतल्यासारखे वागणे किंवा खूप तगमगीनंतर अचानक शांत होणे दिसले, तर सरळ विचारा: “जीव द्यावा असं मनात येतं का?” विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेले बोलायला जागा मिळते. उत्तर हो असेल तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आपल्या घरांमध्ये फवारणीचे औषध माळ्यावर किंवा ज्वारीच्या पोत्यामागे हाताशी असते. तो डबा आजच घरातून हलवा: दुसऱ्याच्या कुलूपबंद खोलीत ठेवा, आणि हंगामाला लागेल तेवढेच आणा. असे विचार पुष्कळदा काही मिनिटांचे किंवा तासांचे असतात आणि तेवढा वेळ साधन हाताशी नसले तर माणूस वाचतो. श्रीलंकेने १९९० च्या दशकात सर्वांत विषारी कीटकनाशकांवर बंदी आणली आणि २००५ पर्यंत तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. घरातल्या जास्तीच्या गोळ्याही सांभाळणाऱ्याने स्वतःकडे ठेवून आठवड्याच्या हिशेबाने द्याव्यात. कुणी विष घेतलेच तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठा आणि डबा सोबत न्या. पोलिसांच्या भीतीने उशीर करू नका. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार असे पाऊल उचलणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्यावर त्यासाठी खटला चालवला जात नाही.

रुग्ण हिंसक झाला तर दाराकडची बाजू मोकळी ठेवा, लेकरांना आणि म्हाताऱ्यांना आधी बाहेर काढा आणि ११२ ला फोन करून ‘आजारी माणूस आहे, दवाखान्यात न्यायचे आहे’ असे स्पष्ट सांगा. संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या रुग्णाला दोन तज्ज्ञांच्या तपासणीनंतर, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून, तीस दिवसांपर्यंत दाखल करता येते. हा प्रतिनिधी म्हणजे रुग्णाच्या वतीने उभे राहणारे माणूस, आणि बरा असताना रुग्ण स्वतः साध्या कागदावर सही किंवा अंगठा देऊन त्याला नेमू शकतो. हे काम कोणत्याही घराने या महिन्यातच उरकावे.

बाकीची कागदपत्रेही याच वेळी. दीर्घकाळ चालणाऱ्या मानसिक आजाराला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे, जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळते आणि दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर सवलतींना पात्रता येते. निराधार रुग्णासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसीलमध्ये करता येतो. आरोग्य विमा असेल तर शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारालाही संरक्षण देणे विमा कंपनीवर बंधनकारक आहे.

शेवटचे काम म्हणजे रुग्ण बरा असताना त्याच्यासोबत बसून आजार उलटत असल्याच्या खुणा आणि तेव्हा काय करायचे, हे एका कागदावर लिहिणे. आमचा कागद देवळीत, जिथून त्या गोळ्या पडल्या होत्या तिथेच, चिकटवलेला आहे. त्यावर भावाच्या अक्षरात लिहिले आहे: “मी सलग दोन रात्री झोपलो नाही, किंवा माठातलं पाणी प्यायचं थांबवलं, तर अक्कानं डॉक्टरला फोन करावा. तेव्हा मला विचारत बसू नये.” त्याखाली माझी एक ओळ आहे, जी लिहिताना मी त्याच्याकडे दोनदा पाहिले आणि त्याने मान हलवली: “महिन्याच्या तिसऱ्या रविवारी अक्का घरी नसेल. त्या दिवशी आईचा चहा आणि स्वतःच्या गोळ्या भाऊ बघेल.”